टर्बो थंड होतोय

संध्याकाळी सातच्या सुमारास रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात एखाद्या घरासमोर गाडी येऊन उभी राहते, दिवे विझतात, पण इंजिन काही बंद होत नाही. दारातून बायको विचारते, "अहो, येताय ना आत?" काचेआडून उत्तर येतं, "टर्बो थंड होतोय." हे ऐकू आलं की समजावं, आपण भाईंच्या दारात आहोत.

तसं त्यात खोटं काही नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि तापलेला असताना इंजिन एकदम बंद केलं तर आतलं ऑइल जागच्या जागी करपतं. कुवारबावहून अर्धा लिटर दूध आणताना तो मुळात तापतो किती, हे मात्र विचारायचं नसतं.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस. २०१६ साली ही आपल्याकडे आली, तोवर रत्नागिरीत पिकप म्हणजे मिरकरवाड्याची मासळी नाहीतर वाशीला जाणारा हापूस. भाईंच्या पिकपला १६३ अश्वशक्ती आहे, ३६० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, आणि एक कळ फिरवली की चारही चाकं ओढायला लागतात. हे आकडे त्यांनी इतक्यांदा सांगितलेत की न्यूटन-मीटर म्हणजे काय ते त्यांच्या आईलाही कळायला लागलंय. एकच आकडा भाई सांगत नाहीत. पाच माणसं बसवल्यावर मागच्या हौद्यात कायद्याने जेमतेम अडीचशे किलो चालतात, म्हणजे आंब्याच्या दहा-बारा पेट्या. शेजारच्या चुलतभावाच्या बोलेरो पिकपला इनमिन पाऊणशे अश्वशक्ती, आणि ती १७०० किलो घेऊन रातोरात वाशी गाठते. तिचा टर्बो कधी थंड होतो, कोणी पाहिलेलं नाही.

गाडी कंपनीने दिली तशीच वापरायची, हे भाईंना पटत नाही. पानात पडलेली आमटी मीठ-तिखटाविषयी चकार शब्द न काढता जेवून उठायचं, हे कोकणी माणसाला जमावं कसं? आधी टायर मोठे झाले. ते वळताना मडगार्डला घासायला लागले, म्हणून गाडी दोन इंच उचलली. उचलल्यावर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलला आणि साठच्या पुढे सीट थरथरायला लागली. त्यावर उपाय झाला. मग हेडलाइट रस्ता सोडून माडांचे शेंडे दाखवू लागले. तेही खाली घेतले. टायर मोठे म्हणून स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, तो हिशोब भाई तोंडी करतात. एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की आईला गाडीत चढता येत नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल गाडीत असतं.

स्नॉर्केलही आहे. म्हणजे इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा घेता यावी अशी नळी. चिपळूणचा २०२१ चा पूर पाहिल्यावर ती बसवली. नळीने फक्त इंजिनाचा श्वास चालू राहतो, बाकी वायरिंग बुडायचं ते बुडतंच, हे गॅरेजच्या मिस्त्रींनी सांगून पाहिलं. शिवाय आमची मिरजोळ्याची एमआयडीसी सड्यावर. इथे चारचाकीला सर्वांत जास्त पाणी लागतं ते गाडी धुताना.

कलमांचं म्हणाल तर भाईंकडे दोन्ही आहेत, आंब्याची आणि कायद्याची. मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं त्यांना तोंडपाठ. केंद्राने गाडीपुढचे लोखंडी बुलबार बेकायदा ठरवले ते डिसेंबर २०१७ मध्ये, आणि मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं ते जानेवारी २०१९ मध्ये. त्यांना दोन्ही महिने पाठ आहेत, लग्नाची तारीख मात्र विचारावी लागते. म्हणून त्यांचा बुलबार पडवीत उभा आहे. त्यावर टॉवेल वाळतात. टायर आणि उंचीचा विषय काढला की भाईंना अचानक कुठे तरी जायचं असतं.

आणि मग ती काजळी. बीएस-सहाच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते. ती धुरातली काजळी अडवते आणि साठली की जाळून टाकते. पण जाळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने पळावी लागते. दूध, पोरांची शाळा, मारुती मंदिरला औषधं, एवढ्यात ती जळायची कशी? काही दिवसांनी पिवळा दिवा लागतो. मग रात्री जेवून भाई एकटेच निघतात, हातखंब्यावरून पालीच्या दिशेने. महामार्गाचं चौपदरीकरण जिथे झालंय तिथे गाडी ऐंशीला जाते, काजळी पेट घेते, आणि तेवढ्यात डायव्हर्जनचा फलक येतो. परत पहिल्यापासून. अकरा वाजता बायको फोन करते, "कुठे आहात?" "काजळी जाळतोय." ही बाई देवमाणूस आहे, दुसरी असती तर माहेरी गेली असती.

गंजाच्या बाबतीत मात्र भाईंना मी हसत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाच-सहा किलोमीटरवर समुद्र आणि उरलेल्या महिन्यांत जांभ्याचा धुरळा, यात पत्रा टिकवणं सोपं नाही. मे महिन्यात गाडी रॅम्पवर चढते. चासीवरची माती धुवायची, वाळवायची, गंज दिसेल तिथे तारेचा ब्रश आणि रेड ऑक्साइड, मग डिझेलमध्ये पातळ केलेलं जळकं ऑइल फवारायचं. हे ऑइल रबराला वाईट, म्हणून फवारण्याआधी भाई खाली आडवे होऊन एकेका बुशाला प्लास्टिकची पिशवी बांधतात, रबरबँडने, दोन-दोन वेढे. मग दारांच्या खालच्या कडेची बारीक भोकं. ती धुरळ्याने बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून सडतं. ती मोकळी करायला बायकोच्या केसांतला आकडा लागतो. तो परत मिळत नाही. पुढे आठवडाभर अंगणात काळे थेंब पडतात आणि रांगोळी पायरीवर काढावी लागते.

एप्रिलमध्ये चुलतभावाने एकदाच विचारलं होतं, "भाई, वीस पेट्या राहिल्यात, टाकतोस काय?" भाई म्हणाले, "हौद्याला नुकतंच रबरी कोटिंग केलंय रे. खिळे लागतील." पुढे त्यांच्या स्वतःच्या बागेतल्या पेट्यासुद्धा त्याच्याच बोलेरोतून गेल्या, भाडं रोख देऊन.

दसऱ्यानंतर गाडीतून आवाज यायला लागला. उजव्या वळणाला गडगड, डाव्या वळणाला गडगड आणि शेवटी टक्. भाईंनी तो मोबाइलवर टिपला, रात्री कानाशी धरून ऐकला, आणि निदान केलं: मागच्या पाट्यांचे बुश गेले, सोबत शॅकल पिनाही. इथे मिळेनात म्हणून मुंबईहून मागवले.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भाई, चावी द्या नि चहा पिऊन या." कुवारबावपर्यंत एक फेरी मारून आले, मागची सीट उचलली, हात घातला आणि नारळ काढला. नणंदेकडे द्यायला म्हणून भाईंच्या बायकोने ठेवलेला. मिस्त्रींनी तो बॉनेटवर ठेवला.

भाई बराच वेळ नारळाकडे बघत राहिले.

"पण बुश तसेही बदलायला झालेच असतील ना?"

"मागवलेत ना?"

"उद्या सकाळच्या ट्रॅव्हल्सने येतात."

"मग घालूया की," मिस्त्री म्हणाले, आणि नारळ उचलून आपल्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला.