घडीचा चाकू, बिनघडीचा कोयता

गेवराईत जाणकारांची कमतरता कधीच नव्हती. मोसंबी कशानं गळाली, कापूस कधी विकावा, जायकवाडीच्या उजव्या कालव्याला पाणी कधी सुटेल आणि सुटलं तरी शेवटच्या गावाला का मिळणार नाही, हे सगळं अर्ध्या चहात सांगणारी माणसं इथं पिढ्यान् पिढ्या आहेत. यंदा त्यांच्यात चाकूच्या जाणकारांची भर पडली. वय विशी-पंचविशी, हातात मोबाइल, मोबाइलवर घडीचा नवा चाकू, किंमत तीन हजाराला एक रुपया कमी.

चर्चा ऐकण्यासारखी असते. पोलाद डी-टू का 440-सी? कडकपणा 58 का 60? लॉक लायनरचं का पाठीचं? पातं अंगठ्यानं उघडतं का बोटाच्या झटक्यानं? मूठ जी-टेनची असेल तर घामानं घसरणार नाही, पण मग वजन? खिशाला अडकवायची क्लिप उजव्या बाजूला का, डावखुऱ्यांनी काय घोडं मारलं? एक म्हणतो, डिझाइन चोरलेलं आहे. दुसरा म्हणतो, चोरलेलं असेल तर तीन हजार फार झाले. अस्सल असेल तर एवढ्या कमीत देतातच कसे? तिसरा हिशेबी. तो म्हणतो, दिवाळीचा सेल येऊ द्या.

यातल्या एकाला मी विचारलं, की बाबा, याच्यानं कापायचं काय? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोन्याच्या नाण्यानं पाठ खाजवता येते का असं विचारलं होतं.

"काका, ह्यो कापायसाठी नसतोय घेत."

"मग?"

"कलेक्शन."

आमच्याकडे कलेक्शन म्हणजे वसुली. ती करायला लोक चाकू घेऊन जात नाहीत, बँकेचा कागद घेऊन जातात.

त्या चाकूच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. जाहिरातीत तिला 'डमास्कस' म्हटलंय, आणि त्या एका शब्दापायी किंमत हजारानं चढली आहे. आता हे दमास्कसचं पोलाद कुठलं? ज्या पात्यांनी त्या शहराचं नाव गाजलं, त्यांचं पोलाद हिंदुस्थानातून जात असे. वुट्झ म्हणतात ते हेच. ते मुशीत वितळवून गोळे पाडणारी भट्टीची गावं दख्खनेत होती, आणि त्यांतलं नाव घेण्यासारखं एक गाव म्हणजे निजामाबादजवळचं कोनसमुद्रम. इराणचे व्यापारी तिथं येऊन, भट्टीपाशी बसून माल घ्यायचे. म्हणजे 1948 च्या सप्टेंबरपर्यंत ज्या निजामी मुलखात गेवराई होती, त्याच मुलखातला हा माल. आज बाजारात डमास्कस म्हणून मिळतं ते त्यातलं नव्हेच. दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक ठोकून, वरून आम्ल लावून ही नक्षी उठवतात, आणि माल आणखी स्वस्तातला असला तर नुसती छापतात. आमच्याच अंगणातल्या भट्टीचं नाव परदेशी करून, वर नक्षी छापून, आम्हालाच विकलं. पोरांना हे सांगितलं तर ती म्हणाली, पण दिसतंय भारी.

रोज खिशात वागवायच्या वस्तूंना हे जाणकार 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात. चाकू, छोटी बॅटरी, पेन, कसलीशी साखळी, हे सगळं टेबलावर ओळीनं मांडून फोटो काढायचा असतो. आमच्या आजोबांच्या कमरेला चंची होती. तिच्यात पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि बिजागरीचा पितळी अडकित्ता. त्या अडकित्त्याला लॉक नव्हतं, क्लिप नव्हती, पण सुपारी फुटायची. फोटो काढायचं मात्र राहून गेलं.

मग कायद्याची चर्चा निघते, कारण तीन हजार घालवायचे आणि वर पोलिसानं पकडायचं, हे कोणालाच नको. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला हत्यार धरलेलं आहे. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाचं अवजार त्यातून वगळलेलं. पोरांचा चाकू साडेतीन इंचांचा. कायद्यानं त्याची दखलच घेतलेली नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलं. खटक्याच्या चाकूला पूर्वी केवढा मान! 'वक्त' सिनेमात, 1965 साली, राजकुमारनं एका गुंडाच्या हातातला चाकू काढून घेत एक वाक्य टाकलं आणि पुढची पन्नास वर्षं प्रत्येक गॅदरिंगमध्ये त्याची नक्कल झाली. त्या चाकूंचं माहेर उत्तर प्रदेशातलं रामपूर. तिथं आधी सरकारनं लांब पात्यांवर बंदी घातली, कारागीर देशोधडीला लागले, आणि मग 2023 मध्ये चौकात 20 फुटांचा चाकू उभा करून त्याचं थाटात उद्घाटन झालं. आधी धंदा मोडायचा, मग त्याचा पुतळा उभारायचा, ही कामाची पद्धत आपल्याला अनोळखी नाही.

पुण्यात उलटं. तिथं उनाड टोळक्यांनी कोयते नाचवायला सुरुवात केली आणि 2023 च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं, की आधार कार्ड पाहिल्याशिवाय कोणाला कोयता विकू नका. पुण्याच्या बातम्यांत तेव्हा रोज 'कोयता गँग'. गेवराईत ती बातमी वाचून एका ऊसतोड मुकादमाला धसका बसला. त्याच्याकडे अशा बारा टोळ्या होत्या.

आता गंमत बघा. ज्या परदेशी चाकूंची नावं ही पोरं हळू आवाजात, देवाच्या नावासारखी घेतात, ते सगळे मूळचे गरिबाघरचे. फ्रान्समधल्या साव्हुआच्या डोंगरात जोसेफ ओपिनेल नावाच्या, अवजारं घडवणाऱ्या घरातल्या तरुणानं 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी चाकू काढला. एक पातं, एक खिळा, लाकडाची मूठ. पातं मिटून बोट कापू नये म्हणून फिरणारी कडी बसवायला पुढं 1955 उजाडलं. त्यापलीकडे फारसं काही बदललं नाही, आणि तरी तो जगभर खपतो. स्वित्झर्लंडची गोष्ट तर आपल्याला झोंबावी अशी आहे. कार्ल एल्सनर या चाकूवाल्यानं 1884 मध्ये इबाख गावात कारखाना काढला. तो देश तेव्हा गरीब होता, पोरं पोटासाठी देश सोडून जायची. सैन्याचे चाकू जर्मनीहून येतात ते आपल्याच गावांत बनले तर चार हातांना काम मिळेल, म्हणून त्यानं चाकू घडवणाऱ्यांना एकत्र केलं आणि 1891 मध्ये सैन्याला पहिला माल दिला. बाकीचे कारागीर मधेच सोडून गेले, हा कर्जात बुडाला, पण धरून बसला. पुढं त्या कारखान्याला आईचं, व्हिक्टोरियाचं, नाव दिलं आणि 1921 मध्ये त्याला न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

म्हणजे त्या गावात पातं आलं ते माणसं जाऊ नयेत म्हणून. आमच्या गावात पातं विकत घेतात ते जायची वेळ झाली म्हणून.

दसऱ्याच्या आसपास कोणत्याही आठवडी बाजारात जा. घिसाडी कुटुंबाचा भाता रस्त्याच्या कडेला चालू असतो. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते. जगातल्या भल्या भल्या चाकू कंपन्यांच्या कॅटलॉगात हा फोटो सापडणार नाही. लोखंड असतं ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं. पोरं ज्याला 'स्प्रिंग स्टील' म्हणतील ते हेच. इथं त्याला भंगार म्हणतात. आणि त्या पालापुढं जी माणसं उकिडवी बसून कोयता निवडतात, ते खरे परीक्षक. हातात घेऊन नुसतं पेलून बघतात. हलका असला तर एका घावात ऊस तुटत नाही, दुसरा घालावा लागतो, आणि दिवसाचे ते दुसरे घाव मोजले तर संध्याकाळी टन भरत नाही. जड असला तर दुपारीच मनगट बोलायला लागतं. ऊस जमिनीसरसा तुटला पाहिजे, कारण साखर बुडख्यात जास्त. वर खुंट राहिला तर शेतकरी ओरडतो. म्हणजे पात्याचा बाक असा हवा, की वाकलेल्या माणसाला आणखी वाकावं लागू नये. त्याच पात्यानं पाचट काढायचं, त्यानंच वाढं छाटायचं. पाणी नीट दिलेलं नसेल तर धार आठ दिवसांत बसते. जास्त दिलं असेल तर पातं खडकावर लागताच कपची उडते. बायका मूठ फार बारकाईनं बघतात, कारण त्यांच्या हाताच्या मापाची कोणी घडवतच नाही. मग फडकं गुंडाळून जमवतात. किंमत चारशेच्या आत. तरी वीस रुपयांवरून अर्धा तास घासाघीस होते, आणि ती व्हायलाच हवी, कारण घेणाऱ्याला त्या वीस रुपयांत कानस घ्यायची असते.

मी एका पोराला त्या पालावर नेलं. त्यानं मोठ्या कौतुकानं आपला चाकू बाईपुढं उघडला, खट्ट आवाज झाला. तिनं हातातला घण खाली ठेवला, नखानं पातं टिचकून ऐकलं, मुठीवरून अंगठा फिरवला.

"मूठ लई चांगलीय," ती म्हणाली. "पातं म्या घालून देते."

हा कोयता घेऊन माणसं गाव सोडतात. तालुक्यात गढीला साखर कारखाना आहे, तरी टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा असला तर 'अर्धा कोयता'. चारशेचा कोयता आपल्या पैशानं आणायचा, आणि लाखाच्या घरातली उचल घेऊन आपणच कोयता व्हायचं. एका दिवसाचा खाडा झाला की दंड. तो खाडा नको म्हणून बायांनी गर्भाशयाच्या पिशव्या काढून घेतल्या, हे 2019 मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आकडे निघाले, अहवाल आला. त्या फडात आजही संडास शोधावा लागतो.

दराचं म्हणाल तर जानेवारी 2024 मध्ये तोडणीत 34 टक्के वाढ झाली, तीन वर्षांसाठी. संप, बैठका, पुन्हा बैठका, मोठमोठे नेते एका टेबलावर, तेव्हा कुठं. त्या टेबलावर कोयत्याच्या डिझाइनची चर्चा झाल्याचं कोणी सांगत नाही. भात-गव्हासाठी दातेरी 'वैभव' विळा निघाला, चांगलं झालं. उसाचा कोयता मात्र अजून कमानपाटा, बाभळीची मूठ आणि देवाचं नाव, यावरच चालतो. साखर धंद्यात सगळ्यांची यंत्रं कर्जानं, अनुदानानं, भागभांडवलानं येतात. यंत्र स्वतःच्या खिशातून आणणारा एवढा एकच.

आता ऊसतोडीची मोठी यंत्रं येत आहेत. सरकारनं 2023 मध्ये त्यांच्यासाठी योजना काढली: किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांत कमी असेल तेवढं अनुदान. एका यंत्राच्या अनुदानात चारशेवाले कोयते किती येतील? पावणेनऊ हजार. एवढ्या कोयत्यांना रबराची मूठ, दोन मापं आणि हातमोजे द्यायला कोणत्या विद्यापीठाला किती वर्षं लागतील, हे चहाच्या टेबलावर विचारून पाहिलं. पोरांनी पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. एकानं खरंच कागदावर कोयत्याचं चित्र काढलं. मुठीला बोटांच्या खाचा, पाठीला जाड, टोकाला थोडा बाक; त्याची आई दहा हंगाम तोडीला जाऊन आलेली आहे, त्याला माहीत होतं. दुसरा म्हणाला, चित्र बेस्ट, पण अनुदान मागायचं तर कागदपत्रं किती लागतील?

मी म्हटलं, एक कागद तरी तयार आहे. कोयत्याला आधार कार्ड जोडायची सोय पुण्याच्या पोलिसांनी आधीच करून ठेवली आहे.