ओठ गोल करा, नाशिक रोड!

बिटको चौकातून जेल रोडकडे वळा. जिन्याजिन्यावर पाटी: ‘फाडफाड इंग्रजी बोला’. फाडायचं नेमकं काय, हे पाटी सांगत नाही. हल्ली खाली नवी ओळ आली आहे: ‘अचूक उच्चारांसह’. म्हणजे इतके दिवस उच्चार ऐच्छिक होते!

होतेच म्हणा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेली पिढी कागदावर बिनचूक इंग्रजी लिही, आणि साहेबासमोर उभं राहिलं की नुसती घसा खाकरी. २००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तेव्हापासून मुलं पहिलीतच खाकरू लागली.

क्लासचा पहिला धडा ‘व’चा. इंग्रजीत ‘व’ दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. दुसऱ्याला दात लांब ठेवून, शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करायचे. आपल्या जिल्ह्याचं अर्थकारणच या फरकावर उभं आहे. दात टेकवले तर द्राक्षाचा वेल, ओठ गोल केले तर त्याच द्राक्षाची दारू. निफाडचा बागायतदार परदेशी पाहुण्याला वेल दाखवायला निघाला आणि दात टेकवायचे विसरला, तर पाहुणा सकाळी दहालाच ग्लास मागेल.

पुढे आघात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’ म्हटलं की तो सरकून दुसऱ्यावर. बाकीचे स्वर अर्धवट ‘अ’ पुटपुटून उरकायचे. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढणाऱ्या मराठी माणसाला हा पंक्तिप्रपंच पचत नाही. मग तो चिडतो: लिहायचं एक, बोलायचं भलतंच! (आपण ‘जग’ लिहितो. त्यातला ज पृथ्वीचा की जगण्याचा, हे ज्याचं त्याने ओळखायचं. पण ती आपली घरची गोष्ट.)

मुंबईच्या बाजूचं पुढचं स्टेशन देवळाली. तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून असत. उन्हाने आणि कंटाळ्याने डोकी फिरत. या आजाराला त्यांनी नाव दिलं ‘डूलॅली टॅप’. ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. ‘ळ’ त्यांच्या जिभेला झेपला नाही, तापाचा नळ झाला, गावाचा अर्थ ‘वेडा’ झाला. एवढ्या चुकांवर कुणी छडी उगारली नाही. उलट शब्द थेट ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. जीभ वळवून टाळूला लावायला शिकवणारा क्लास कॅम्पात निघाल्याचं काही ऐकिवात नाही.

आता त्याच देवळालीची मुलगी रिक्षाने नाशिक रोडला क्लासला येते. इंग्रजीत स्वतःची ओळख करून देताना तिने गावाचं नाव चांगलं खणखणीत ‘ळ’सकट घेतलं. सरांनी लगेच थांबवलं.

“ळ नको. डूलॅली. जोर दुसऱ्या अक्षरावर.”

“सर,” मुलगी म्हणाली, “मी देवळालीची आहे. डूलॅली नाही.”