छत्तीस दातांचा भाव

शनिशिंगणापूरची ओळख करून देताना लोक तीन गोष्टी सांगतात: देव आहे पण देऊळ नाही, घरं आहेत पण दारं नाहीत, झाड आहे पण सावली नाही. पहिल्या दोन सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. तिसरीकडे कोणी फारसं बघत नाही, आणि माझा विषय नेमका तिथून सुरू होतो. शनीच्या चौथऱ्याजवळच्या कडुनिंबाची फांदी त्याच्या शिळेवर सावली धरू लागली की आपोआप मोडून पडते, अशी गावाची श्रद्धा आहे. म्हणजे स्वतःची छाटणी स्वतः उरकणारा निंब नेवासे तालुक्यात हा एकच. बाकीच्या निंबांना, बांधावरच्या बाभळींना आणि विजेच्या तारेत डोकं खुपसून बसलेल्या सुबाभळींना माणूस लागतो, माणसाला कटर मशीन लागतं, मशीनला चेन लागते. आणि चेन घ्यायची म्हटलं की मराठी माणूस आधी चार ठिकाणी भाव विचारतो. भाव विचारायला माझी हरकत नाही. तो भलत्याच वस्तूचा विचारला जातो, एवढीच तक्रार आहे. आपल्याला हवी असते धार आणि आपण विचारतो चेन.

‘अठरा इंची चेन केवढ्याला?’ या प्रश्नापासूनच गाडी रुळावरून घसरते. अठरा इंच हे माप चेन जिच्याभोवती पळते त्या पट्टीचं असतं, चेनचं नव्हे. पायाचं माप सांगून टोपी मागावी तसा हा प्रकार. चेनची ओळख तीन आकड्यांत असते. पहिला पिच: लागून असलेले तीन रिवेट धरायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. ते बहुधा .३२५ इंच तरी येतं, नाहीतर ३/८ इंच. दुसरा गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेतून पळणाऱ्या कडीची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिसरा त्या कड्यांची संख्या. अठरा इंची पट्टीवर .३२५ पिचची चेन असेल तर कड्या बहुधा ७२ भरतात. ३/८ ची असेल तर कुठे ६२, कुठे ६८. दीड आणि एक पूर्णांक सहा यांत फरक वहीच्या एका पानाचा, पण १.६ ची चेन १.५ च्या खाचेत शिरतच नाही, आणि १.५ ची चेन १.६ च्या खाचेत शिरते ती थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या धाकट्यासारखी. पळते, पण झोकांड्या खात. आणि काप सरळ जायच्याऐवजी चतकोर भाकरीसारखा वळतो. हे आकडे कडीवर किंवा पट्टीच्या बुडाशी कोरलेले असतात. मात्र त्यांच्यावर तेल आणि भुसा यांचा असा काही थर बसलेला असतो की, चिंधी घेऊन तो पुसण्यापेक्षा चार दुकानं फिरणं लोकांना सोपं वाटतं.

आता ही चार दुकानं. समजा, शेजारच्या सोनईत चेन आठशेला मिळते आणि नगरला सातशेला. (नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण भाव विचारायला जाणारा माणूस अजून ‘नगरला’च जातो.) अंतर पस्तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन सत्तर. मोटारसायकलनं लिटरला पन्नासचा अ‍ॅव्हरेज दिला तरी दीड लिटरला थोडंसंच कमी पेट्रोल जळतं, आणि पेट्रोल शंभरीच्या पलीकडे गेल्याला बरीच वर्षं झाली. म्हणजे शंभर वाचवायला निघालेला माणूस पांढरीपुलावर भेळ खायच्या आधीच चाळीसेक रुपयांनी खड्ड्यात असतो, आणि भेळ तर तो खाणारच. मोबाइलवर मागवणारा स्वतःला यापेक्षा शहाणा समजतो. तो आहेही, पण वरचे तीन आकडे पाठ असतील तरच. कारण फोटोत सगळ्या चेना सारख्याच दिसतात. त्यात शिंगणापूरची आणखी एक अडचण आहे. शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊ नये. चेन लोखंडाची, आणि तिच्याबरोबर लागतं ते तेल. म्हणजे या एका खरेदीत शनिमहाराजांची दोन्ही खाती एकदम उघडली जातात. पार्सल शुक्रवारी मागवलं आणि शनिवारी दारात आलं (दार नसेल तर उंबऱ्यात), तर खरेदी कोणत्या वारी झाली? पैसे आधी भरले असतील तर वकील शुक्रवार म्हणेल. माल हातात पडल्यावर पैसे द्यायचे असतील तर शनिवार टळत नाही. पंचांगात याचा निर्णय दिलेला नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवून, योग्य मापाची चेन योग्य वारी आणि योग्य भावात मिळाली असं धरू. तिचं पुढे काय होतं ते पाहिलं की भावाच्या तुलनेतली हवा निघून जाते. ही चेन सेकंदाला वीसेक मीटर वेगानं पळते, म्हणजे ताशी सत्तरच्या आसपास. .३२५ पिचच्या ७२ कड्यांची लांबी भरते सुमारे एकशे एकोणीस सेंटिमीटर. तेव्हा एका सेकंदात सोळा-सतरा फेरे झाले. शनीला आकाशात एक फेरा पुरा करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. इतक्या वेगानं धावणारा दात बाभळीच्या बुंध्यातून खाली उतरला आणि क्षणभर मातीला टेकला, किंवा कधीकाळी कोणी कपड्याच्या दोरीसाठी ठोकलेल्या आणि झाडानं पोटात घेतलेल्या खिळ्यावर आपटला, की दीड हजाराची चेन आणि पाचशेची चेन एकाच पंगतीला बसतात. माती पावती विचारत नाही. मग मशीन लाकूड कापायचं सोडून दळू लागतं. धारेची चेन ढलप्या फेकते, बोथट चेन पीठ पाडते, आणि पीठ पडू लागलं की आपला माणूस थांबत नाही, मशीनवर अंगाचा भार टाकतो. पट्टी तापते, धूर निघतो, आणि निष्कर्षही निघतो: ‘चेन गेली, नवी बघा.’ पुन्हा चार दुकानं.

चेन गेलेली नसते. ७२ कड्यांच्या चेनमध्ये दात असतात ३६. अठरा डाव्या अंगाचे, अठरा उजव्या. एकाआड एक बसवलेले आणि एकमेकांकडे पाठ फिरवलेले. ‘छत्तीसचा आकडा’ ज्या कोणाला सुचला त्यानं ही चेन पाहिलेली नसणार, पण तिचं वर्णन याहून नेमकं करता येत नाही. या छत्तिसांना पुन्हा कामाला लावायला लागते एक गोल कानस, .३२५ साठी ४.८ मिलिमीटरची. दाताला साधारण तीस अंशांत कललेली धरायची, आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलायची. एका दाताला तीन हात. सगळ्यांना समान, कारण एका बाजूचे दात आखूड झाले की काप त्या बाजूला ओढ घेतो. छत्तीस त्रिक एकशे आठ. शिंगणापूरला वेगळं सांगायला नको की ही बरोबर एक माळ झाली. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटाही सपाट कानशीनं घासावा लागतो, म्हणजे तो दाताच्या टोकाहून ०.६५ मिलिमीटर खाली राहतो. तो तसाच उंच ठेवला तर दात कितीही चमकला तरी लाकडाला पोचत नाही. गर्दीत देव असतो, दर्शन होत नाही, तसं. आणि कानशीचा भाव? तिच्यासाठी नगर, संभाजीनगर आणि मोबाइल अशी तुलना करणारा माणूस माझ्या तरी ऐकिवात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा: एवढ्या माळा ओढत कोण बसणार? हा आक्षेप भावासाठी सत्तर किलोमीटर जाऊन आलेल्याकडून आला तर मी ऐकून घेत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याला वर्षाकाठी एक निंब छाटायचा, त्यानं हे शास्त्र का शिकावं? शिकू नये. त्यानं मशीनच घेऊ नये. मशीनवाल्याला बोलवावं, चहा पाजावा आणि लांब उभं राहावं. तिसरा आक्षेप असा की, स्वस्त चेनचं पोलादच मऊ असतं, तिला कानस तरी किती पुरणार? हे खरं आहे, आणि इथं महाग चेनच्या बाजूनं मला एक पाऊल मागे घ्यावं लागतं. मऊ दात लवकर बोथटतो, म्हणून जास्त वेळा घासला जातो, म्हणून लवकर संपतो. तेव्हा रोज लाकूड पाडणाऱ्यानं चांगली चेनच घ्यावी. पण तिच्यातही जास्तीचे पैसे जातात ते धार टिकण्याचे. धार परत लावणं काही त्या किमतीत येत नाही, ते हातालाच करावं लागतं. जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्यानं १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी एक अळी न्याहाळली. ती जबडा डावीकडे-उजवीकडे चालवत ओंडका खात होती. त्यावरून त्यानं आजच्या चेनचा दात घडवला आणि पुढे त्याच्या कंपनीचं ओरेगॉन हे नाव जगभर गेलं. त्यानं अळीचा जबडा कसा चालतो तेवढं पाहिलं. तो तिला कुठं आणि केवढ्याला पडला, ही चौकशी केली नाही.

शेवटचा आक्षेप खास गावचा: इथं सगळा कारभार विश्वासावर चालतो, मग कडीवरचे आकडे कशाला वाचायचे, दुकानदार देईल ते घ्यावं. विश्वास हवाच. पण यूको बँकेनं २०११ मध्ये इथं बिनकुलपाची शाखा उघडली, तिथंही काउंटरवर नोटा मोजूनच घेतात. आणि स्वस्त-महागाचा हा वाद गावानं तेलाच्या बाबतीत आधीच निकालात काढला आहे. भेसळीच्या तेलानं शिळेची झीज होते म्हणून मार्च २०२५ पासून देवाला सुटं तेल बंद झालं. चालतं ते ब्रँडेड खाद्यतेलच. देवाच्या बाबतीत एवढे चोखंदळ असलेले आपण चेनला मात्र ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल पाजतो, आणि पट्टी निळी पडली की पुन्हा चेनचाच भाव विचारायला निघतो.

चेन खरोखर संपते कधी, याची खूण दातावरच असते. पाठीकडे एक तिरकी रेघ कोरलेली असते; कानस तिथवर पोचली की समजायचं. मग मात्र नवी घ्यावी, आकडे चिठ्ठीवर लिहून न्यावेत, आणि हौस असेल तर चार ठिकाणी विचारावंही. तोवर कानस पुरते. फक्त तीही लोखंडाच्याच जातीची आहे. आणायची तर शनिवार सोडून.