गेर्लिंगेनमध्ये विंचेस्टर जमवावी कशी

आधी तिजोरी घ्यावी. नवरी ठरायच्या आत कार्यालय ठरवून ठेवणारे यजमान आपल्याकडे असतात. त्याच चालीवर इथे रायफलीचा पत्ता नसताना तिजोरी घरात हवी. जुन्या अमेरिकन लिव्हरवाल्या रायफली जमवण्याचा नाद ज्यांना लागला आहे, आणि जे श्टुटगार्टला खेटून असलेल्या गेर्लिंगेनमध्ये राहतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. नाशिकच्या मायकोतून, म्हणजे बॉशच्याच कारखान्यातून, निघून इथल्या टेकडीवरच्या बॉशच्या मुख्य कचेरीपर्यंत पोचलेल्या मंडळींनी ते विशेष लक्ष देऊन वाचावं. पगार बरा असला आणि डिसेंबरात साडेचारला अंधार पडू लागला की माणसाला असलेच छंद सुचतात.

तिजोरीचा दर्जा किमान शून्य असावा, असं 2017 पासून कायदा सांगतो. शून्य या आकड्याला फसू नये. माझी शून्य दर्जाची तिजोरी 180 किलोंची आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढवायला चार मित्र लागले, त्यांतला एक अजून फोन उचलत नाही. शिवाय त्या आठवड्यात जिना कोणाचा, हे आधी बघून घ्यावं. या श्वाबेन मुलखात 'केरवोखे' लिहिलेली एक पाटी दारोदार फिरते. ती ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसून लख्ख ठेवायचा. आम्ही तिजोरी चढवली तेव्हा पाटी समोरच्या आजींच्या दारावर होती आणि जिना ओला होता. आजींनी घोंगडीखालचा आकार न्याहाळून विचारलं, "पियानो का?" मी दमलो होतो. हो म्हणालो. तेव्हापासून त्या वाट बघताहेत.

तिजोरी स्थिरावली की अभ्यासाला लागावं. लिव्हर रायफल म्हणजे काय, तर चापाभोवतीचं कडंच लांबवून केलेला दांडा. तो खाली ओढला की रिकामं काडतूस बाहेर, वर घेतला की नवं आत, आणि घोडा चढलेलाच. जर्मनीत या वस्तूला 'उंटरहेबेलरेपेटीरब्युख्से' म्हणतात. रोमन लिपीत मोजलीत तर 24 अक्षरं भरतात. 1860 च्या हेन्री रायफलीत गोळ्या 16 च मावत.

या हेन्रीची गोष्ट पाठ असावी, कारण संग्राहकाला रायफल नसली तरी चालते, गोष्ट लागते. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्टांचा कारखानदार. स्मिथ आणि वेसन या जोडीने सुरू केलेली 'व्होल्कॅनिक' नावाची बंदूक कंपनी त्याच्या गळ्यात पडली. तिच्या गोळीच्या पोकळ बुडातच दारू भरलेली असे आणि नाव ज्वालामुखीचं असूनही जोर बेताचाच. कंपनी बुडाली. मग त्याच्या पदरी असलेल्या बेंजामिन टायलर हेन्रीने धातूच्या काडतुसाची रायफल काढली. अशा जेमतेम 14,000 झाल्या. पुढे नोकराचं मालकाशी फाटलं आणि 1866 च्या नमुन्यावर नाव आलं ते मालकाचं. पण विंचेस्टरच्या रिमफायर काडतुसांच्या बुडावर हेन्रीचा 'एच' कितीतरी वर्षं उमटत राहिला. बाकीचे नमुने भराभर सांगतो. 1866 ची पिवळ्या धातूची 'यलो बॉय'. 1873 ची, सात लाखांवर निघाली म्हणून दुर्मीळ नव्हे. 1886 ची, बंदुकांचा रचनाकार ब्राउनिंग याच्या डोक्यातली, आणि त्याच साली रोबर्ट बॉशने श्टुटगार्टात आपलं छोटं वर्कशॉप उघडलं. 1894 ची तर सत्तर लाखांहून जास्त. 1873 च्या नमुन्यातच 'वन ऑफ वन थाउजंड' म्हणून निवडक नळीच्या 130 च्या आसपास आहेत. ती घ्यायची तर घर विकावं लागेल, आणि घर नसलेल्याला ती ठेवायला परवानगी मिळणार नाही.

2014 साली नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एक 1873 नमुन्याची विंचेस्टर जुनिपरच्या झाडाला टेकवलेली सापडली. बनावट 1882 ची, दस्ता उन्हापावसाने चिरलेला. कोणीतरी ठेवली आणि विसरला. गेर्लिंगेनमध्ये असं करू नये.

आता कायदा. अमेरिकेचा केंद्रीय कायदा 1898 किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला पुराणवस्तू समजतो आणि तिच्या वाटेला जात नाही. जर्मन कायद्याला नुसतं म्हातारपण पुरत नाही. 1 जानेवारी 1871 च्या आधीचा नमुना हवा, आणि केपाची असेल तर एकनळी व एकबारी हवी. हेन्री 1860 ची खरी, पण एका दमात 16 बार काढते; म्हणजे वयाने आजी आणि कायद्याने तरणीताठी. इथे आमच्या मालवणकडच्या आजोबांची आठवण होते. त्यांची केपाची ठासणीची बंदूक, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. वानर-डुकरांसाठी घेतलेली, आणि निवडणूक लागली की दरवेळी पोलीस ठाण्यात जमा. तसल्याच नमुन्याची जुनी बंदूक इथे प्रौढ माणूस परवान्याशिवाय भिंतीवर टांगू शकतो. आजोबांचा जन्म चुकीच्या तालुक्यात झाला.

विंचेस्टरसाठी मात्र लाल शस्त्रपत्रिका काढावी लागते, ती संग्राहकांना मिळते. त्यासाठी आपला संग्रह सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, हे पटवून द्यायचं. 'मला आवडतात' हे कारण लिहू नये. विषय बांधीव हवा: अमुक यंत्रणेचा अमुक साल ते अमुक साल विकास. मी 'व्होल्कॅनिकपासून ब्राउनिंगपर्यंत दांड्याचा प्रवास' असं लिहिलं. पीएचडीला बसलो असतो तर एवढ्यात झाली असती. सोबत शस्त्रज्ञानाची परीक्षा, सचोटीची चौकशी आणि पंचविशीच्या आत असाल तर मानसशास्त्रज्ञाचा दाखला. काडतुसांचा परवाना वेगळा. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी नेमबाजी मंडळात जाऊन 12 महिने नियमित सराव करावा आणि पिवळी पत्रिका मागावी. पण तो खेळ झाला, संग्रह नव्हे, आणि आपण तर केळकर संग्रहालयाच्या पुण्यात दोन वर्षं काढलेली माणसं.

चेष्टा एका ठिकाणी मी थांबवतो. विनेनडेन हे गाव इथून मोटारीने तासाभराच्या आत आहे. 11 मार्च 2009 रोजी तिथल्या शाळेत एका मुलाने जो गोळीबार सुरू केला, तो वडिलांच्या घरात कुलपाबाहेर राहिलेल्या पिस्तुलाने. 15 माणसं गेली. तिजोरी तपासायला अधिकारी न कळवता दारात येऊ शकतात ते तेव्हापासून. आले तर चहा विचारावा आणि कपाट उघडून दाखवावं.

कोणी विचारेल, जर्मन माणसाला या अमेरिकन दांड्याचं एवढं वेड का? उत्तर: कार्ल माय. याच्या कादंबऱ्यांतला ओल्ड शॅटरहँड 25 बारांची 'हेन्रीश्टुत्सेन' वापरतो. तो मीच, असं माय लोकांना सांगत असे आणि त्या वेषात फोटोही काढून घेई. अमेरिकेत तो पहिल्यांदा गेला 1908 मध्ये, पुस्तकं कधीच खपून गेल्यावर. त्याच्या बंदुका राडेबॉइलच्या संग्रहालयात आहेत. त्यांतली हेन्री म्हणून दाखवतात ती प्रत्यक्षात विंचेस्टर. उलट आमच्या गेर्लिंगेनचा योहानेस रेबमान 1848 साली पूर्व आफ्रिकेत पायी गेला, किलिमांजारोवर बर्फ पाहून आला, आणि लंडनच्या विद्वानांना विषुववृत्ताजवळचं बर्फ काही पटेना. न गेलेल्यावर विश्वास, जाऊन आलेल्यावर शंका. तेव्हा अर्जासोबत पुरावे भरपूर जोडावेत.

पुरावे जोडायचे म्हणजे फाइल आली, आणि मी मूळ मुद्द्यावर आलो. माझा अर्ज तीन फायलींचा झाला. एका रात्री तिसरी बंद करताना खटका ऐकला आणि हात थबकला. दांडा वर, कमान उघडी, कागद आत, दांडा खाली, खट्ट. ही लाइट्झची फाइल. लुई लाइट्झने कार्यशाळा काढली 1871 मध्ये, या श्टुटगार्टातच, आणि लिव्हरची फाइल आणली 1896 मध्ये, म्हणजे 1894 च्या विंचेस्टरनंतर दोनच वर्षांनी. यंत्र दांड्याचं, कारागिरी इथली, 16 काय, चारपाचशे कागद एका दमात घेते, आणि परवाना कोणताच नाही.

मी अर्ज मागे घेतला. आता रविवारच्या जुन्या बाजारात युद्धापूर्वीच्या फायली शोधतो. ठिपक्याठिपक्यांच्या पुठ्ठ्याच्या अकरा झाल्या. खंडेनवमीला त्यांतली सगळ्यांत जुनी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. बायको म्हणाली, या घरात खरं शस्त्र हेच.

तिजोरी विकायची आहे. 180 किलो, आतून कोरी. न्यायला चौघांनी यावं, रविवारी येऊ नये, आणि जिन्यात समोरच्या आजी भेटल्या तर पियानो दुरुस्तीला नेतोय म्हणून सांगावं.