नेमाजीची कैफियत

जुनी नाणी, टपालाची तिकिटे, किंवा गेला बाजार अडकित्ते जमविणाऱ्या गृहस्थाकडे कोल्हापुरात काहीशा आदराने पाहिले जाते; परंतु अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतातील मूस लेक नामक आडगावी घडविलेली, रंगांच्या वेलांट्यांनी आपादमस्तक माखलेली मातीची भांडी जो इसम संग्रही ठेवतो, त्याच्याविषयी आमच्या पेठेत जे मत प्रचलित आहे ते छापण्याजोगे नाही. या भांड्यांचे नाव नेमाजी. ते तिकडच्या एका नदीवरून पडले आहे. तथापि आमच्या शेजारच्या इतिहासप्रेमी अण्णांनी त्याचा संबंध ताराबाईंच्या अमदानीत माळव्यावर चालून गेलेल्या नेमाजी शिंद्यांशी जोडून माझ्या संग्रहास जी क्षणिक प्रतिष्ठा मिळवून दिली, ती मीही मोडून काढली नाही.

1923 च्या सुमारास फरशा पाडण्यासाठी निघालेल्या मूस लेकच्या कारखान्याची कृती मोठी सोपी आणि तितकीच बनेल होती. पाण्याने भरलेल्या टाकीत तैलरंगाचे थेंब सोडावेत, ते पृष्ठभागावर पसरू लागले की भाजलेले कोरे भांडे त्यात अलगद फिरवून बाहेर काढावे; रंग आपापल्या मर्जीने अंगास लपेटून येतात, म्हणून एकाची नक्षी दुसऱ्यावर पुन्हा उतरत नाही. माझ्याजवळच्या एका ठेंगण्या सुरईवर निळा पट्टा गळ्यापासून निघून पोटाशी काळ्यात मिसळतो, आणि मधूनच उघडी राहिलेली तांबूस माती डोकावते. पाण्यावर रंग तरंगवून ते टिपण्याची विद्या सतराव्या शतकात आमच्या शेजारी, विजापुरास, अबरी या नावाने अशा योग्यतेस पोहोचली होती, की त्या कलावंतांनी तिच्यातून बरगड्या मोजून घ्याव्यात असा हडकुळा घोडा स्वारासह उभा केला. तो घोडा हल्ली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असतो. विजापूरचा घोडा तिकडे गेला आणि मूस लेकची सुरई इकडे आली, हा सौदा बरोबरीचा नव्हे, हे मला मान्य आहे.

या भांड्यांची खरी गंमत मात्र त्यांच्या बुडाशी आहे. तेथे ‘इंडियन’ म्हणून शिक्कामोर्तब केलेले असते, आणि आपण तद्देशीय आदिवासींची प्राचीन कारागिरी घरी नेत आहोत, या समजुतीने तिकडचे प्रवासी ती विकत घेत. वस्तुतः ती कारखान्यातील पगारी माणसांनी रंगविलेली असत. यावर कोणी नाक मुरडू लागला, तर त्याने आपल्या पायांकडे पाहावे. कोल्हापुरी म्हणून ज्या वहाणा पाहुणे मोठ्या अभिमानाने नेतात, त्यांतल्या कितीतरी अथणीच्या असतात, आणि सरकारी भौगोलिक मानांकनात तर महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे गुण्यागोविंदाने नांदतात.

शिकागोस राहणारा माझा पुतण्या तेथील जुन्या वस्तूंच्या विक्रीतून ही भांडी उचलतो आणि दर खेपेस साड्यांत गुंडाळून आणतो. त्यांतले एक आमच्या घरकाम करणाऱ्या मावशींच्या हाती पडले. रंग भाजणीनंतर चढविलेला, त्यास काथ्या आणि राख यांचा मारा कसा सोसावा? मावशी कृतकृत्य मुद्रेने बाहेर आल्या. “लई डाग पडलं हुतं दादा, घासून घासून काढलं बगा!” अर्धे मिनेसोटा मोरीतून पंचगंगेकडे रवाना झाले होते. सौभाग्यवतींनी भांडे उजेडात धरून निवाडा दिला, “अहो, आता कुठे जरा भांडं दिसतंय हे.”

घरातल्या या फिर्यादीवर मी एकच दाखला पेश करीत असतो. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1944 च्या सुमारास जी ब्राँझची चीजवस्तू सापडली, तीत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन होता; टाऊन हॉलच्या संग्रहालयामुळे कोल्हापुरास त्याची ओळख झाली. सातवाहनांच्या काळी रोमन जगातून आलेली ही लहानशी मूर्ती, समुद्रापासून घाटापलीकडे असलेल्या या गावी कोणा हौशी पूर्वजाने आणून ठेविली, तेव्हा त्याच्याही कुटुंबाने ‘हे ध्यान कुठून आणलंत?’ असे विचारले असणारच. आज तिला पाहावयास विद्वान येतात. माझ्या सुरईसाठी मी दोन हजार वर्षांची मुदत मागतो, ती मला मंजूर होत नाही.

तूर्त, अमेरिकेतून कोल्हापूरकडे येणाऱ्या सर्व भाच्यापुतण्यांस विनंती, की चॉकलेटे व सुगंधाच्या बाटल्या पुरे झाल्या. नेमाजी दिसल्यास घ्यावे, बूड उलटून शिक्का पाहावा, रंग नखाने खरवडू नये, आणि घरी पोहोचताच ते कोरड्या फडक्याने पुसून, मावशी येण्यापूर्वी, उंच फळीवर ठेवावे.