हवेचा जमाखर्च

कॅनडातील व्हिस्लरच्या डोंगरावर स्वाराला सायकलीसह रोपवेच्या पाळण्यातून वर नेण्याची आणि तेथून त्याला गुरुत्वाकर्षणाच्या हवाली करण्याची जी उदात्त व्यवस्था आहे, तिच्यातही सायकलीचे वजन काहीशे ग्रॅमने घटावे म्हणून धक्के शोषणाऱ्या शॉकमधील पोलादी स्प्रिंग बरखास्त करून तिच्या जागी कोंडलेल्या हवेची नेमणूक करण्याचे ज्याला सुचले, त्याच्या दूरदृष्टीस मुजरा करणे प्राप्त आहे. चढाचे काम यंत्र करते, उताराचे पृथ्वी. तेव्हा हा भार नेमका कोणाच्या खांद्यावरून उतरला, असा क्षुद्र प्रश्न रसिकाने विचारू नये.

शिवाय ही हवा म्हणजे काही उनाड वारा नव्हे. तिला स्वतंत्र पंप लागतो. स्वार बसताच शॉक सुमारे तीस टक्के खचलाच पाहिजे, असा दंडक आहे. शॉकच्या नळकांड्यातील रिकामी जागा बुजविण्यासाठी प्लास्टिकचे तुकडे विकत मिळतात. आणि दीर्घ उतारावर शॉक तापून दाब वाढला, की सकाळचा सारा हिशेब रद्दबातल. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात जुनाट सायकली उतारावर दामटणाऱ्या अडाण्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ब्रेकमधले ग्रीस जळाले की नवे भरावे, एवढेच त्यांचे शास्त्र.

आता नळकांड्यातील हवाही काढून तेथे निखळ निर्वात पोकळी बसवावी, अशी आमची नम्र शिफारस आहे. वजन शून्य, किंमत अर्थातच दुप्पट. या बचतीचा निर्विवाद लाभार्थी म्हणून पाळण्याला सायकली अडकविणारा कामगार तेवढा आढळतो; त्याच्याकडून अद्याप वर्गणी मागितलेली नाही.