जोडीदार नाही म्हणून बसायचं?

दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल जवळच. कॉर्डेलियाचं जहाज २०२१मध्ये मुंबईहून सुटू लागलं, तेव्हापासून क्रूझ ही फक्त सिनेमात पाहायची गोष्ट राहिलेली नाही. पण जहाजावर बॉलरूम नाच म्हटलं की जोडी आली. नवरा वारलेली, लग्नच न केलेली किंवा नवऱ्याला नाचाचा कंटाळा असलेली बाई तिथे काय करणार?

क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीने या प्रश्नाचं उत्तर कधीच शोधलं. तिचं ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४पासून समुद्रावर आहे. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सहसा सात रात्रींच्या प्रवासात क्वीन्स रूम या भल्या मोठ्या दालनात वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट रंगतात. एकट्या आलेल्या बायकांसोबत नाचायला तिथे डान्स होस्ट नेमलेले असतात. त्यांना नियम कडक. सगळ्यांना विचारायचं, एकीलाच धरून राहायचं नाही आणि प्रेमप्रकरण तर अजिबात नाही. म्हणजे जोडीदार मिळेल की नाही, ही काळजी बाईची उरत नाही. ती जबाबदारी यजमानाची.

मला हे फार मोलाचं वाटतं. चांगला जोडीदार म्हणजे शंभर स्टेप्स येणारा नव्हे. जहाज डोलत असताना जो पावलं लहान ठेवतो, समोरचीचा तोल आधी बघतो, फ्लोअरवर चुका काढत बसत नाही आणि गाणं संपल्यावर तिला जागेवर सोडून आभार मानतो, तो चांगला. हे सगळं शिकता येतं. ‘नशिबात असेल तर मिळेल’ असं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

आता आपल्याकडे बघा. वरातीत डीजे दणाणतो, पोरं नाचतात, सुना नाचतात आणि एकटी काकू खुर्चीवर बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळते. तिला कुणी ‘चला’ म्हणत नाही. ती आपणहून उठलीच, तर दहा नजरा तिला परत बसवतात. नवरात्रात कित्येक शहरांत गरब्याला एंट्री फक्त कपलला. छेडछाड टाळायला हा नियम केला, असं सांगतात. मग छेड काढणाऱ्याला बाहेर काढा! एकट्या आलेल्या प्रत्येकाला शिक्षा कशासाठी?

आणि हे आपल्या गोंदिया जिल्ह्यात व्हावं? सालेकसा-देवरीकडच्या गोंड गावांत रेला नाचताना हातात हात गुंफून ओळ होते. तुमची जोडी कोण, हे तिथे कुणी विचारत नाही. शेजारी उभा असेल त्याचा हात धरायचा, पाऊल जुळवायचं. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत दूरदूरचे लोक जमतात, तेव्हा तिकडे जाऊन बघा. एकट्याला सामावून घ्यायची रीत आपल्या जंगलपट्टीत आधीपासून आहे. ती शहरातल्या लॉनवर आणि मंगल कार्यालयात पोचलेली नाही, इतकंच.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. ज्येष्ठ नागरिक मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ नाचाला द्यावी आणि दर गाण्याला जोडी बदलावी. गरबा भरवणाऱ्यांनी कपलची अट काढून दारावर आणि मैदानात चांगले स्वयंसेवक उभे करावेत. लग्नघरांनी मानपानाची यादी करतात तशी, खुर्चीवर बसलेल्यांना उठवणाऱ्या दोघा-तिघांची नावंही आधीच ठरवावीत. विचारल्यावर ‘नको’ म्हणणारीचा मान राखावा, पण विचारावं प्रत्येकीला.

क्रूझचं तिकीट सगळ्यांना परवडणार नाही. ‘काकू, येता का नाचायला?’ हे विचारायला मात्र एक रुपयाही लागत नाही. येत्या लग्नसराईत विचारा.